"ते पुस्तक तूर्त कपाटात ठेवा" असं सांगितलं तर ग्रंथपालाने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं शासनमान्य वाचनालय. एका संघटनेचं पत्र आलं, की तुमच्याकडचं अमुक चरित्र भावना दुखावणारं आहे, ते काढून टाका. कार्यकारी मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "कशाला भानगड? तूर्त कपाटात ठेवा." आणि पत्र घेऊन आलेल्यांनी निघताना विचारलं, "हे पुस्तक आजवर कुणीकुणी नेलंय?" ग्रंथपालांनी यांना काय सांगायचं?

आधी थेट उत्तर. पुस्तक घोड्यावर, म्हणजे पुस्तकांच्या मांडणीवर, जिथे आहे तिथेच राहील. पत्राची पोच द्यायची. नावं कुणालाही द्यायची नाहीत.

यामागचं सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं. पुस्तकाच्या बाबतीत जे घडेल ते लेखी घडलं पाहिजे, आणि वाचकाच्या बाबतीत कामापुरतं सोडून काही लेखी उरता कामा नये. अनेक वाचनालयांत नेमकं उलट चालतं. पुस्तक एका तोंडी सूचनेवर नाहीसं होतं आणि ते नेणाऱ्याचं नाव मात्र देवघेव रजिस्टरात वर्षानुवर्षं पडून राहतं.

पत्र आलं त्या दिवशी

काउंटरवर वाद घालू नका. पुस्तक चांगलं की वाईट यावर एक शब्दही बोलायची गरज नाही. पत्र घ्या, आवक नोंदवहीत क्रमांक घाला, शिक्का आणि तारीख मारून पोच द्या. काउंटरवर कुणीही असो, ग्रंथपाल, लिपिक किंवा शिपाई, प्रत्येकाला एकच वाक्य पाठ असावं: "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, निर्णय समिती घेते आणि तो आपल्याला लेखी कळवला जाईल." यात होकार नाही, नकार नाही, आणि पुस्तक काढायचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला नाही हे समोरच्याला कळतं. छोट्या वाचनालयात ग्रंथपाल अनेकदा एकटाच किंवा एकटीच असते. निर्णयाचं ओझं त्या एका माणसावर टाकणं अन्यायाचं आहे आणि धोक्याचंही.

त्यानंतर तक्रारदाराला छापील अर्ज द्या. एक पान पुरे. त्यात विचारायचं ते असं: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, तक्रार स्वतःची की संस्थेतर्फे, आपण या वाचनालयाचे सभासद आहात का, पुस्तक पूर्ण वाचलं आहे का, आक्षेप कोणत्या पानांवर आणि का, वाचनालयाने नेमकं काय करावं, याच विषयावरचं दुसरं कोणतं पुस्तक संग्रहात असावं असं वाटतं, नाव, पत्ता, सही. दुसरं पुस्तक सुचवण्याचा प्रश्न गाळू नका. रागावून आलेला माणूस कधीकधी तिथे खरोखर चांगलं नाव सुचवतो, आणि ते पुस्तक विकत घेतलं तर संग्रह वाढतो. तक्रारदार हा शत्रू नाही. तोही वाचनालयाकडे काही मागायला आलेला नागरिक आहे आणि त्याला आदराने, ठरल्या वेळेत उत्तर मिळायला हवं.

मुदत आधीच ठरवून अर्जावर छापा: पोच त्याच दिवशी, निर्णय ३० दिवसांत, निर्णय मान्य नसल्यास कार्यकारी मंडळाकडे १५ दिवसांत अपील. मुदत नसली की विषय लांबतो, आणि लांबलेल्या विषयात पुस्तक आपोआप कपाटात जातं.

"निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवू" यात काय चुकतं

ही सूचना वाजवी वाटते म्हणूनच ती सर्वांत घातक आहे. निर्णयाआधी पुस्तक काढलं, की तक्रारदाराला हवं ते मिळालेलं असतं आणि समितीला बैठक घ्यायची घाई उरत नाही. पुढे समितीने "ठेवावे" म्हटलं, तरी ते परत मांडायला कुणाचा हात धजत नाही, कारण आता परत मांडणं हीच कृती चिथावणीसारखी दिसते. न हललेलं पुस्तक टिकवणं हे हललेलं पुस्तक परत आणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

समितीला वाचायला प्रती लागतात, तेव्हा वाचनालयाची एकमेव प्रत त्यांना देऊ नका. दुसरी प्रत विकत घ्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयातून उसनी आणा. एकमेव प्रत समितीच्या सदस्याच्या घरी गेली, की तीन महिन्यांनी "सापडत नाही" असा निरोप येतो आणि दाखलनोंदवहीत (संग्रहात आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या क्रमवार नोंदीच्या वहीत) शेरा पडतो: हरवले. तक्रारदार स्वतःच सभासद असेल आणि पुस्तक नेऊन परत देत नसेल, तर ती साधी थकीत बाब आहे. नेहमीची स्मरणपत्रं, नेहमीचा दंड, शेवटी किंमत वसूल आणि नव्या प्रतीची मागणी त्याच आठवड्यात. पुस्तक परत आलं की पानं मोजून घ्या. आक्षेपाचं पान ब्लेडने अगदी शिवणीलगत कापलेलं असतं, मिटलेल्या पुस्तकात काहीच जाणवत नाही. पुस्तक पूर्ण उघडून मध्यावर बोट फिरवलं की कापलेल्या कागदाची धार लागते. असं पान दुसऱ्या प्रतीवरून छायाप्रत काढून त्याच जागी चिकटवा आणि तारखेसह नोंद करा.

समिती तीन किंवा पाच जणांची असावी, समसंख्या नको. त्यात कार्यकारी मंडळाचा एक सदस्य, विषय जाणणारी बाहेरची एक व्यक्ती (महाविद्यालयातले प्राध्यापक चालतील), एक सामान्य वाचक सभासद. ग्रंथपाल सचिव म्हणून काम पाहतात. ज्याने "कपाटात ठेवा" म्हटलं तो सदस्य या समितीत नको, त्याने मत आधीच दिलेलं आहे. प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि अर्ध्या पानाचं लेखी मत द्यायचं. अधोरेखित केलेले परिच्छेद संदर्भातून उपटलेले असतात. पानभर आधी लेखकाने तेच विधान दुसऱ्याच्या तोंडी घालून पुढे खोडलेलं असतं, हे पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

समितीपुढचा प्रश्न "हे पुस्तक आपल्याला पटतं का" हा नाही. "हे आपल्या ग्रंथनिवड धोरणात बसतं का" एवढाच आहे. निर्णय कारणांसह इतिवृत्तात लिहा आणि त्याच शीर्षकावर पुढची दोन वर्षं नवी तक्रार विचारात घेतली जाणार नाही असा नियम ठेवा. नाहीतर दर महिन्याला नवं पत्र येतं आणि माणसं थकून हार मानतात.

"यावर बंदी आहे" असं कुणी म्हणालं तर

शांतपणे राजपत्रातली अधिसूचना मागा. पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली आहे. त्यासाठी अधिसूचना लागते आणि शासनाने आपल्या मताची कारणं तिच्यात द्यावी लागतात. तिच्याविरुद्ध कलम ९९ प्रमाणे दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. संघटनेचं पत्र, पुढाऱ्याचं भाषण, व्हॉट्सॲपवरचा मजकूर किंवा एखाद्या अधिकाऱ्याचा फोन म्हणजे अधिसूचना नव्हे.

अधिसूचना असली तरी ती शेवटचा शब्द नसते, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या जप्तीची राज्य शासनाची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तो निकाल कायम केला. कोणत्या गटांमध्ये वैर निर्माण होतं हेच अधिसूचनेत सांगितलेलं नव्हतं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुस्तकातला मजकूर आपल्याला मान्य असो वा नसो, ग्रंथपालाने यातून घ्यायचं ते एवढंच, की बंदीचा कागद शब्दशः वाचायचा असतो आणि तो पुढे टिकला का हेही पाहायचं असतं.

आणि कधीकधी कागदच नसतो. सलमान रश्दी यांच्या १९८८ सालच्या कादंबरीवर सीमाशुल्क कायद्याखाली आयातबंदी आहे हे सगळे धरूनच चालले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सरकारी खात्यांना ती अधिसूचना सादर करता आली नाही आणि ती अस्तित्वातच नाही असं न्यायालयाने गृहीत धरलं. तोवर छत्तीस वर्षं गेली होती.

अधिसूचना खरी आणि लागू असेल तर कायदा पाळायचा, लपवाछपवी करायची नाही. आवृत्ती, भाषांतरं, उतारे यांपैकी काय काय तिच्यात येतं ते पाहा, दाखलनोंदवहीच्या शेरा रकान्यात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहा, प्रत कुणी नेली तर पावती घ्या. तालिकेतली, म्हणजे ग्रंथांच्या सूचीतली, नोंद खोडू नका. पुढे अधिसूचना रद्द झाली तर पुस्तक परत मागवायला तीच नोंद उपयोगी पडते.

धोरण कुठे मंजूर करायचं

आपली बहुतेक वाचनालयं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेतात. म्हणजे मंडळ बदलत राहतं. ग्रंथनिवड धोरण केवळ मंडळाच्या ठरावाने केलं, तर पुढचं मंडळ एका बैठकीत ते फिरवतं. वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. दोन पानांपेक्षा मोठं नको.

त्यात काय असावं? संग्रहात वादाच्या विषयांवर वेगवेगळ्या बाजूंची पुस्तकं असतील. पुस्तक ठेवणं म्हणजे त्यातल्या मतांना वाचनालयाची संमती नव्हे. लेखकाची जात, धर्म, पक्ष किंवा पूर्वेतिहास हे निवडीचं वा नकाराचं कारण असणार नाही. देणगीची पुस्तकं याच कसोटीवर घेतली जातील, आणि देणगीदाराला "अमुक पुस्तक काढाल तरच देतो" अशी अट घालता येणार नाही. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा हेच सांगतो: संग्रह आणि सेवा वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक सेन्सॉरशिपपासून आणि व्यापारी दबावापासून मुक्त असाव्यात. १९९४ च्या मसुद्यात हे आहे आणि २०२२ च्या नव्या मसुद्यातही. सभेत मराठीत वाचून दाखवा. आपल्या गावापुरता हा हट्ट नाही, जगभरची ग्रंथालयं हेच मानतात, हे सभासदांना कळलं की बराच विरोध मावळतो.

धोरणात एक कलम निर्लेखनाबद्दल, म्हणजे पुस्तकं संग्रहातून कायमची काढून टाकण्याबद्दल, हवंच. पुस्तक हाकलायचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे ते "जीर्ण" यादीत घालणं. म्हणून तक्रार झालेलं पुस्तक निर्णयानंतर दोन वर्षं निर्लेखनाच्या यादीत येणार नाही, आणि खरंच फाटलं असेल तर आधी नवी प्रत दाखल होईल, मगच जुनी निघेल.

निर्लेखनाची दुसरी चूक केवळ देवघेवीच्या आकड्यांवर विसंबण्याची आहे. लैंगिक आरोग्य, घटस्फोटाचा कायदा, मानसिक आजार, व्यसनमुक्ती या विषयांवरची पुस्तकं काढून पाहा. आत चिकटवलेल्या तारीखपत्रिकेवर दोनच शिक्के, पण शिवण सैल, मधल्या पानांचे कोपरे मळलेले. हे पुस्तक वाचलं गेलंय, घोड्यापाशी उभं राहून. काउंटरवर मागे शेजारच्या काकू रांगेत असताना ते नावावर करून न्यायचं धाडस कुणी केलेलं नाही. आकडे पाहून असं पुस्तक काढलं, तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती त्याच्याकडून ते काढून घेतलं जातं. रोज संध्याकाळी टेबलांवर आणि घोड्यांच्या कडेला सोडलेली पुस्तकं परत मांडण्याआधी त्यांचे दाखल क्रमांक टिपा. नाव नको, फक्त क्रमांक. महिन्याभरात खरं चित्र दिसतं.

अशी पुस्तकं, डेसिमल वर्गीकरणात (विषयाला क्रमांक देण्याच्या पद्धतीत) ६१३.९, ३०६.७, ३४६.०१ च्या आसपास येणारी, काउंटरच्या अगदी समोर मांडू नका आणि कपाटात कुलपातही ठेवू नका. मुक्तद्वार दालनात (जिथे वाचक स्वतः पुस्तक काढून घेतो), जाता-येता सगळ्यांची नजर पडणार नाही अशा घोड्यावर त्यांची जागा करा. "फक्त प्रौढांसाठी", "वादग्रस्त" अशा चिठ्ठ्या कण्यावर चिकटवू नका. कुलूपबंद कपाटाचा अर्थ वाचकाला नाव उच्चारून मागावं लागतं, आणि जी मुलगी ते नाव मोठ्याने उच्चारू शकत नाही तिच्यासाठी ते पुस्तक तुमच्या वाचनालयात नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेलं "प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ" हे सूत्र भिंतीवर टांगायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

खरेदीच्या टेबलावर होणारी काटछाट तर कुणाला दिसतही नाही. "घेतलं तर कुणीतरी बोलेल" म्हणून न घेतलेल्या पुस्तकाची तक्रार कोण करणार? उपाय साधा आहे. वाचकांच्या मागणीच्या वहीत एक रकाना वाढवा: घेतले की नाही, आणि नसल्यास का. किंमत, अनुपलब्धता, विषयावर पुरेशी पुस्तकं आहेत ही कारणं चालतात. ज्या ओळीत लिहायला यांपैकी कारण सापडत नाही, ते पुस्तक परत निवड समितीपुढे ठेवा.

नावं मागितली तर

पत्र आणणाऱ्यांना उत्तर एकच: "सभासदांनी काय वाचलं हे आम्ही कुणालाही सांगत नाही." कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी कुतूहलाने विचारलं तरीही हेच. माहिती अधिकारात अर्ज आला तर वैयक्तिक माहितीला कलम ८(१)(ञ) ची सूट आहे. किती पुस्तकं, कोणत्या विषयाची, किती वेळा गेली एवढे आकडे द्या, नावं नाहीत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलेलं आहे.

पोलिसांची गोष्ट वेगळी. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रं मागवता येतात, पण लेखी आदेशाने. काउंटरवर तोंडी विचारणा झाली तर नम्रपणे लेखी आदेश मागा, अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्ह्याचा क्रमांक लिहून घ्या, कार्यवाहांना कळवा, वकिलांचा सल्ला घ्या. आदेशात मागितलं असेल तेवढंच द्या. एका पुस्तकाची नोंद मागितली तर पूर्ण रजिस्टर हातात ठेवू नका. झडती असेल तर अडवू नका. पंच, जप्तीची यादी आणि त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे दृकश्राव्य चित्रण हे सगळं होतंय ना ते पाहा, यादीची प्रत घ्या. आणि आदेश आल्यावर एकही नोंद नष्ट करायची नाही, तो गुन्हा ठरेल. जे नको आहे ते आधीच, नियमाने, दर महिन्याला पुसलेलं असावं.

यासाठी आपली देवघेव पद्धत तपासा. जुन्या ब्राउन पद्धतीत पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या तिकिटात ठेवतात आणि पुस्तक परत आलं की दोन्ही वेगळी होतात. मागे काहीच उरत नाही. नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक लिहीत जातात, त्यामुळे पाच वर्षांचे वाचक एका कार्डावर ओळीने दिसतात. रजिस्टर पद्धतीतही तेच. कार्ड भरलं की फाडून टाका, रजिस्टर हिशेब तपासणी झाली की किती वर्षं ठेवायचं याचा ठराव करा, आणि परत आलेल्या पुस्तकासमोरचा सभासद क्रमांक गडद शाईने झाकून टाका.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदींतून वाचकाचं नाव काढण्याची सोय आहे, पण ती आपणहून चालू नसते. आधी एक निनावी सभासद तयार करा आणि 'ॲनॉनिमस पेट्रन' या सेटिंगमध्ये त्याचा क्रमांक घाला. इथे कार्ड क्रमांक घालण्याची चूक होते, हवा असतो तो कोहाचा अंतर्गत सभासद क्रमांक. मग 'बॅच ॲनॉनिमाइझ' हे काम रात्री आपोआप चालेल असं लावा, ३० दिवसांपूर्वी परत आलेल्या नोंदींसाठी. 'स्टोअर लास्ट बॉरोअर' (शेवटच्या वाचकाची नोंद ठेवणारं सेटिंग) बंद ठेवा. एवढ्यावर थांबू नका. देवघेवीचा लॉग, आकडेवारीचा तक्ता आणि पाठवलेल्या स्मरणपत्रांची रांग यांतही सभासदाचा माग शिल्लक असतो, तिथलीही सफाई लावावी लागते. जुने बॅकअप पेनड्राइव्हवर टेबलाच्या खणात पडलेले असतील, तर वरची सगळी मेहनत वाया गेली.

गळती मात्र बहुतेक वेळा संगणकातून होत नाही. फलकावर लावलेली थकीत पुस्तकांची यादी, सभासदांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकलेलं "अमुक ताई, तुमचं तमुक पुस्तक आलं नाही", वाचन कक्षाच्या वहीतला "काय वाचले" हा रकाना. यादीत फक्त दाखल क्रमांक घाला, निरोप वैयक्तिक पाठवा, तो रकाना काढून टाका.

जमाव आला तर

माणसं आधी. वाचकांना मागच्या दाराने बाहेर काढा, ११२ ला फोन करा, पुस्तकासाठी कुणाच्या अंगावर जाऊ नका. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला तेव्हा ज्या पुस्तकाचा राग होता (जेम्स लेन यांचं तेच पुस्तक) त्याच्याशी संबंध नसलेली हस्तलिखितं आणि ग्रंथही त्यात सापडले. असं नुकसान नंतर मोजता यावं आणि भरून काढता यावं, यासाठी दाखलनोंदवहीची स्कॅन प्रत आणि तालिकेचा बॅकअप (सभासदांच्या वाचनाच्या नोंदी वगळून) इमारतीबाहेर ठेवलेला असावा. पत्रात धमकीचा सूर असेल तर त्याची प्रत त्याच दिवशी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.

निर्णय "ठेवावे" असा झाला, की तक्रारदाराला लेखी कळवा आणि अर्जात त्याने सुचवलेलं पुस्तक घेतलं असेल तर तेही कळवा. मग पंधरा दिवसांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी स्वतः घोड्यापाशी जाऊन पाहा. वर्गांकाच्या जागेवर पुस्तक नसेल तर देवघेव पाहा, देवघेवीत नसेल तर वरच्या फळीच्या मागे आणि बालविभागात शोधा. चुकीच्या जागी खोचून ठेवलेलं पुस्तक तालिकेत "उपलब्ध" दिसतं आणि वाचकाला कधीच सापडत नाही.